निर्लज्जेश्वराच्या दारी



या महिन्याच्या वचन-चिंतनासाठी आपण एका लहानशा शब्दापाशी थांबणार आहोत. तो शब्द आहे 'लाज'. घरातील वडीलधारी माणसे आपल्याला लहानपणापासून एक गोष्ट ऐकवीत आली आहेत: "जनाची नाही, तर मनाची तरी बाळग." हे बोलणे आपण इतक्यांदा ऐकले आहे की त्यात किती मोठा विवेक साठवला आहे, हे आपल्या ध्यानी येत नाही. लाज एक नसून दोन आहेत, असे हे साधे बोलणे सांगते. एक जनाची, दुसरी मनाची. एक बांधते, दुसरी सांभाळते. साधकाला यांतली कोणती टाकायची आणि कोणती राखायची, हे कळले नाही तर तो एकतर जन्मभर दबून जगतो, नाहीतर मोकाट सुटतो. दोन्ही वाटा शिवपथापासून दूर नेणाऱ्या आहेत.

लाज हा पाश कसा?

शैव विचारात जीवाला पशू, त्याला बांधणाऱ्या दोरीला पाश आणि सोडविणाऱ्या शिवाला पती म्हटले आहे. कुलार्णव तंत्रात जीवाला बांधणारे आठ पाश सांगितले आहेत. त्यांत घृणा, भय, कुल आणि जाती यांच्या पंक्तीत लज्जाही बसलेली आहे. ही पंक्ती नीट पाहावी. कुळाचा अभिमान आणि लज्जा या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, परंतु त्या एकाच वस्त्राच्या दोन बाजू आहेत. ज्या समाजात एकाला कुळाचा अभिमान असतो, त्याच समाजात दुसऱ्याला कुळाची लाज वाटत असते. एकाची मान ताठ राहावी म्हणून दुसऱ्याची मान खाली झुकविली जाते.

म्हणूनच बाराव्या शतकात कल्याणच्या शरणांनी कुलाभिमानावर घाव घातला, तेव्हा कुललज्जाही आपोआप तुटली. पण ती कशी तुटली, हे पाहण्यासारखे आहे.

सूळे संकव्वा आणि तिच्या देवाचे नाव

वचनकार शरणींमध्ये संकव्वा नावाची एक शरणी होऊन गेली. तिच्या नावाआधी 'सूळे' हे पद लागते. कन्नडमध्ये 'सूळे' म्हणजे वेश्या. तिचे एकच वचन आज आपल्या हाती आहे, पण ते एक शंभरांच्या तोलाचे आहे. त्याचा आशय असा की एकाचा विसार स्वीकारल्यावर ती दुसऱ्याचा स्वीकारणार नाही, आणि जो व्रतहीन आहे असे ठाऊक आहे त्याचा संग करणार नाही. असे घडल्यास कोणती कठोर शिक्षा भोगावी लागेल, हेही ती सांगते, आणि शेवटी आपल्या देवाची शपथ घेते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. जगाने जिच्या जगण्यालाच लाजिरवाणे ठरविले, ती स्त्री आपल्या व्यवसायाबद्दल एकही सबब सांगत नाही. ती वचनभंगाला मात्र भिते. जनाची लाज तिने उतरवून ठेवली आहे आणि मनाची लाज तिच्यापाशी पुरेपूर जागी आहे. काही साधक या वचनाचा आणखी खोल अर्थ घेतात: ज्याने एकदा इष्टलिंग स्वीकारले, त्याने दुसऱ्या दैवतापुढे हात पसरू नये. हा एकनिष्ठेचा अर्थ लिंगाचाराशी अगदी जुळतो.

दुसरी गोष्ट तिच्या अंकिताची. बसवण्णांचे अंकित कूडलसंगमदेव, अल्लमप्रभूंचे गुहेश्वर, अक्कमहादेवींचे चन्नमल्लिकार्जुन. संकव्वाने आपल्या देवाला नाव दिले 'निर्लज्जेश्वर'. आपल्या बोलीत 'निर्लज्ज' ही शिवी आहे. ती शिवी तिने आयुष्यात किती वेळा झेलली असेल, याचा विचार करावा. तोच शब्द तिने उचलला, धुतला आणि देवाच्या मस्तकावर ठेवला. ज्याच्या अंगावर वस्त्र नाही, जो राख फासून स्मशानात राहतो, ज्याला कुळ नाही, मायबाप नाहीत, त्या शिवाला कसली लाज? आणि तो जर लाजत नाही, तर त्याची होऊन मी का लाजावे? एका नावात केवढे हे तत्त्वज्ञान!

न टाकलेली नावे

शरणांच्या नावांकडे पाहा. मादार चन्नय्या, डोहर कक्कय्या, मडिवाळ माचय्या, अंबिगर चौडय्या, हडपद अप्पण्णा. मादार, डोहर, परीट, नावाडी, न्हावी अशी ही कायकांची व जातींची पदे आहेत. त्या काळी हीच नावे हिणवण्यासाठी वापरली जात. अनुभवमंटपात आल्यावर ही पदे गाळून गोड संस्कृत नावे घेणे त्यांना सहज शक्य होते. पण त्यांनी तसे केले नाही. ज्या शब्दाने जग हिणवीत होते तोच शब्द नावाआधी ठेवून ते ताठ उभे राहिले. बसवण्णा तर स्वतः ब्राह्मणकुळात जन्मलेले आणि बिज्जळाच्या दरबारातील मोठे अधिकारी. तरीही मादार चन्नय्या आणि डोहर कक्कय्या यांना त्यांनी आपले आप्त म्हटले. लपवून मिळालेला मान हा आपला नसतो. तो आपल्या मुखवट्याला मिळालेला असतो. हे शरणांनी ओळखले होते.

उज्जैनचा एक दिवस

आता आठशे वर्षे ओलांडून आपल्या काळात येऊ. उज्जैन म्हटले की आपल्या वाचकांच्या मनात वीरशैव पंचपीठांपैकी कर्नाटकातील उज्जयिनी उभी राहील. येथे बोलायचे आहे ते क्षिप्रेकाठच्या माळव्यातील उज्जैनविषयी. मराठी माणसाला हे गाव परके नाही. ते शिंद्यांच्या राज्यातले, आणि राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक, दक्षिणमुखी. पहाटेची भस्मारती येथील वैशिष्ट्य. भस्म चढविताना उपस्थित स्त्रियांना तोंडावर पदर ओढून घ्यायला सांगण्याची तिथे रीत आहे. देव उघडा आहे, त्याला लाज नाही. झाकून घेतात ते आपण. संकव्वाने हे पाहिले असते तर आपल्या अंकिताची खूण तिला पटली असती.

याच उज्जैनमध्ये २२ एप्रिल ते २१ मे २०१६ या काळात सिंहस्थ भरला होता. त्याच्या प्रारंभी शहरातील रस्त्यांवरून एक अपूर्व मिरवणूक निघाली. आखाड्यांच्या नगरप्रवेशाला तेव्हा 'पेशवाई' म्हणत. शब्द आपल्याच इतिहासातला! ही पेशवाई किन्नर आखाड्याची होती. या आखाड्याची स्थापना उज्जैनमध्येच २०१५ साली झाली होती. मान्यताप्राप्त आखाडे तेरा, आणि या चौदाव्याला आखाडा परिषदेने मान्यता दिली नव्हती. तरीही ज्यांना लग्नघराच्या दारावर टाळ्या वाजवीत उभे राहावे लागते, सिग्नलपाशी गाडीची काच ज्यांना पाहून वर चढते, ते भगवी वस्त्रे लेवून भरदिवसा रस्त्याच्या मधून चालले, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक त्यांचा आशीर्वाद घ्यायला उभे होते.

त्यांच्या अग्रभागी होत्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी. जन्म ठाण्याचा, कुटुंब उत्तर प्रदेशातील ब्राह्मण. मुलगा म्हणून जन्म, लहानपणी दम्याचा विकार, नृत्याची ओढ, आणि त्या बायकी वाटणाऱ्या हालचालींवरून झालेली चेष्टा. पुढे त्यांनी किन्नर समाजात दीक्षा घेतली. पण घरच्यांनी त्यांना घराबाहेर काढले नाही, हे त्या आवर्जून सांगत आल्या आहेत. २०१२ साली वैशाली रोडे यांच्या शब्दांकनातून त्यांचे आत्मकथन मराठीत प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातच 'मी हिजडा' असे दोन शब्द आहेत. वाचकहो, आता संकव्वाचे अंकित आठवा. शिवी म्हणून भिरकावलेला शब्द उचलून त्याला 'मी' जोडणे, हे तेच धैर्य आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना मान्यता देणारा जो निकाल दिला, त्या खटल्यातही त्यांनी आपली बाजू मांडली होती.

या मिरवणुकीचे मोल कळण्यासाठी एक जुनी नोंद पाहावी. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा जो कायदा केला, त्याचा एक भाग या समाजासाठी राखून ठेवला होता. नोंदणी झालेल्या व्यक्तीने स्त्रीवेशात रस्त्यावर दिसणे किंवा सार्वजनिक जागी नाचणे-गाणे हाच गुन्हा ठरविला होता, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होती. त्याआधीही थट्टा आणि तिरस्कार होताच, पण आता लाजेला कायद्याचे बळ मिळाले. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात 'इतर' अशी नोंद झालेल्या व्यक्ती ४,८७,८०३ होत्या. ज्यांनी नोंद करविली नाही, ते या आकड्यात नाहीत. न सांगण्याचे कारण बहुधा एकच: जनाची लाज.

येथे एक शंका

कोणी चिकित्सक वाचक विचारील, "आपण इष्टलिंगोपासक. देह हेच देवालय मानणारे. नदीत बुडी मारून मुक्ती मिळते, असे शरण मानीत नाहीत. मग क्षिप्रेच्या स्नानाचा दाखला कशाला?"

शंका योग्य आहे. उज्जैनच्या पाण्याने त्या मंडळींना पवित्र केले, असे आमचे म्हणणे नाही. ती अपवित्र कधीच नव्हती. आम्ही दाखला घेतो तो पाण्याचा नव्हे, रस्त्याचा. अंधारात वावरायला लावलेले माणूस उजेडात चालले, एवढ्यापुरता. आखाड्याची गादी, पदव्या, छत्रचामरे यांचे आपल्याला अप्रूप नाही. पुढे २०२५ च्या प्रयागराज कुंभाच्या वेळी याच आखाड्यात पदांवरून जाहीर वाद झाला, हेही आपण जाणतो. पद आले की पदाचा पाश येतो. लाजेचा पाश तुटला म्हणून अभिमानाचा गळ्यात घालून घ्यायचा नसतो.

देहात राहणारा कोण?

या प्रश्नावर शरणांचे उत्तर फार जुने आहे. बसवण्णांच्याही आधी होऊन गेलेले जेडर दासिमय्या विणकर होते. त्यांचे अंकित रामनाथ. स्त्रीची चिन्हे दिसली की स्त्री म्हणायचे, पुरुषाची दिसली की पुरुष, पण या दोन्हींच्या आत जो आत्मा वावरतो तो काय, असे त्यांनी विचारले आणि तो दोन्ही नव्हे, असे स्वतःच सांगितले. हाच विचार 'नास्तिनाथ' या अंकिताने लिहिणाऱ्या गोग्गव्वेच्या वचनातही आढळतो. एका पुरुषाने आणि एका स्त्रीने, दोघांनीही आपापल्या बाजूने एकच साक्ष दिली आहे.

'शरण सती, लिंग पती' हा भाव तर आपल्या साधनेचा कणा आहे. मिशा असलेला, मुलेबाळे असलेला, शेतात नांगर धरणारा पुरुष पूजेला बसला की लिंगापुढे स्वतःला सती म्हणवतो, आणि त्यात त्याला लाज वाटत नाही. मग शेजारच्या घरातील मुलगा साडीच्या निऱ्या निरखीत उभा राहिला की त्याच पुरुषाला हसू का येते? पूजेच्या खोलीत जे आपण सत्य मानतो, ते ओसरीवर येताच खोटे कसे ठरते? शिवाचार म्हणजे लिंगधारकांत उच्चनीच भेद न मानणे. हा आचार देव्हाऱ्यापुरता नाही.

योगायोग असा की ज्या कर्नाटकातील उज्जयिनी पीठाचा वर उल्लेख आला, ते आज विजयनगर जिल्ह्यात आहे, आणि त्याच जिल्ह्यातील मरियम्मनहळ्ळी ही मंजम्मा जोगती यांची कर्मभूमी. मुलगा म्हणून जन्मलेल्या मंजम्मांना घरच्यांनी देवीला वाहिले. लाज इतकी असह्य झाली की त्यांनी विष घेतले. वाचल्यावर भीक मागून दिवस काढले. पुढे काळव्वा जोगती यांच्याकडे त्या जोगती नृत्य शिकल्या आणि तेच त्यांचे कायक झाले. २०१९ साली त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपती भवनात पद्मश्री स्वीकारण्यापूर्वी त्यांनी पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली. ज्यांना अमंगळ म्हणून हाकलले, त्यांच्याच हाताने राष्ट्राच्या प्रथम नागरिकाची दृष्ट निघाली. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडील आपल्या वाचकांनी यल्लम्माचे जोगते लहानपणापासून पाहिले आहेत. त्यांच्या परडीत आपण पीठ घातले आहे. त्यांचे नाव मात्र किती जणांनी विचारले?

अक्का आणि प्रभुदेव: सावधानतेचा पाठ

लाज सोडणे म्हणजे काहीही करणे नव्हे. हे शिकण्यासाठी 'शून्यसंपादने'तील प्रसंग आठवावा. कौशिक राजाचे वैभव आणि अंगावरील वस्त्र दोन्ही टाकून अक्कमहादेवी कल्याणला आली. परमात्मा सर्वसाक्षी आहे, मग झाकायचे ते कोणापासून, असा तिचा विचार होता. अनुभवमंटपात अल्लमप्रभूंनी तिची कठोर परीक्षा घेतली. वस्त्र टाकलेस, तर केसांनी अंग का झाकतेस, असा त्यांचा रोख होता. तिच्या उत्तराचा भाव असा होता की स्वतःला लाज वाटते म्हणून तिने झाकले नाही, दुसऱ्याच्या मनात विकार उठू नये म्हणून झाकले. आत पक्वता आली, पण बाहेरची साल हट्टाने सोलून काढण्याची तिला गरज नव्हती.

केवढा हा सूक्ष्म विवेक! जनाची लाज गेली, पण जनाविषयीची करुणा राहिली. आपण जे लपवितो ते भयाने की करुणेने, आणि जे दाखवितो ते सत्यासाठी की मिरविण्यासाठी, ही कसोटी प्रभुदेवांनी आपल्या सर्वांच्या हाती दिली आहे.

आपल्या घरात

आता हा विषय उज्जैनहून आपल्या उंबऱ्यावर आणू. पाहुणे येणार म्हटल्यावर ज्या मुलाला आतल्या खोलीत थांबायला सांगितले जाते, असे मूल आपल्यापैकी कुणाच्या घरी असेल. घटस्फोट घेऊन परतलेली मुलगी असेल, जिला हळदीकुंकवाला बोलावीत नाहीत. मनोविकाराची गोळी चालू असलेला भाऊ असेल, ज्याची गोळी साखरेच्या डब्यामागे लपविली जाते. धंद्यात बुडालेला बाप असेल, जो रोज सकाळी डबा घेऊन कुठेतरी जाऊन बसतो. यांतल्या कुणीही पाप केलेले नाही. तरीही हे सर्व जण जणू चोरी केल्यासारखे जगतात, आणि घर त्यांच्याभोवती पहारेकरी बनते.

मायबापांचे म्हणणे असते, "आम्ही त्याच्या भल्यासाठीच लपवितो. लोक काय म्हणतील?" मायबापांनो, लोक चार दिवस बोलतील. पण मुलाला जे ऐकू येते ते लोकांचे बोलणे नव्हे, आपल्या दाराची कडी लावल्याचा आवाज. लक्ष्मी यांना घर राहिले, मंजम्मांना विष घ्यावे लागले. या दोन कथांतील एक मोठे अंतर उंबऱ्याने पाडले आहे. लोकांना तोंड देण्याचे बळ मुलाला कोठून येते? घरातल्या एका माणसाच्या नजरेतून. ती नजर आपली असू द्या.

साधकासाठी

वाचन झाले. आता आचरण. पुढील महिनाभर नित्य इष्टलिंगपूजेच्या वेळी एवढे करावे.

पहिले: करस्थली लिंग घेतल्यावर अनिमिष दृष्टी लावण्याआधी क्षणभर स्वतःस विचारावे, "मी काय झाकतो आहे?" उत्तर आल्यावर त्याला जनाची की मनाची, ही चाळणी लावावी.

दुसरे: ती मनाची लाज असेल, म्हणजे कुणाची फसवणूक केली असेल, कुणाचे देणे बुडविले असेल, कुणाला अपमानित केले असेल, तर ती लाज टाकू नये. ती गुरूसारखी आहे. तिचे ऐकून संबंधित माणसाकडे जावे, कबूल करावे, भरपाई करावी. त्यानंतर ती आपोआप निघून जाते.

तिसरे: ती जनाची लाज असेल, म्हणजे जन्म, रूप, देह, गरिबी, आजार, कायक किंवा स्वभाव यांची असेल, तर ती लिंगाला अर्पण करावी. जे लिंग तळहातावर बसून रोज आपल्याला पाहते, त्याच्यापासून काय लपले आहे? ज्याने पाहिले, त्याने त्यागले नाही. एवढे पुरे. मग विश्वासाच्या एका माणसाला, एकालाच, ते सांगावे. सर्वांना सांगण्याची सक्ती नाही. अक्काने केसही ठेवले होते.

चौथे: आपण दुसऱ्याच्या लाजेचे कारण होतो का, हे रात्री निजताना पाहावे. दारी आलेल्या किन्नराला किंवा जोगत्याला टाळी वाजवून हाकलण्यापेक्षा 'या, बसा' म्हणावे आणि नाव विचारावे. भृत्याचार म्हणजे स्वतःला सर्वांहून लहान मानणे. त्याचा प्रारंभ येथून होतो.

संकव्वाचे एकच वचन उरले, पण तिने देवाला दिलेले नाव आठशे वर्षे टिकले. ज्या दाराशी सूळे संकव्वाला मान खाली घालावी लागली नाही, त्या निर्लज्जेश्वराच्या दारी आपल्या घरातील कुणालाही मान खाली घालून उभे राहावे लागू नये.